पाठीवरचं नाव

कुंभारी, सोलापूर
२ डिसेंबर २०२४

देवदत्त यास,

वर 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिलं होतं, पण मग कागद बदलला. आज मला ते लिहवत नाही, आणि खोटंच लिहायचं तर पत्र कशाला लिहायचं?

फोन करता आला असता. पण फोनवर माझी जीभ अडकते. तू मधेच "अरे गुफरान, ऐक तर" म्हणतोस, मग मी ऐकत बसतो आणि माझं बोलणं राहून जातं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

काल अम्मीनं सांगितलं की तुझा पुण्याहून फोन आला होता. पार्क मैदानावरच्या स्मरणदौडीत तू पळणार आहेस आणि पाठीवर अब्बांचं नाव लावणार आहेस. तू तिची परवानगी मागितलीस आणि तिनं दिली. भाकरी थापता थापता मला सांगत होती, "देवा पळणार, तुझ्या अब्बाचं नाव घेऊन. दौडीच्या पैशातनं गरिबांचं डायलिसिस होतंय म्हणं." सांगताना हसत होती. अब्बांना जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात मी तिला असं हसवू शकलो नव्हतो. तुझ्या एका फोननं ते झालं.

परवानगी माझी घ्यायला हवी होती. मुलगा मी आहे.

दौडीचा नियम तुला माहीत असेल, तरी लिहितो, कारण माझं म्हणणं त्यावरच आहे. प्रत्येकानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव पाठीवर लावून पळायचं. एकच नाव दोघांनी लावलं तरी चालतं. पण शेवटच्या रेषेवर माईकवरून ते नाव एकदाच पुकारतात. जो ते नाव घेऊन पहिला येईल, त्याच्या वेळी. त्या वेळी मैदानातली सगळी माणसं उभी राहतात. म्हणजे तू पळालास तर अब्बांचं नाव तुझ्या पायांनी येणार, आणि माणसं तुझ्याकडे बघत उभी राहणार.

हे मला नीट ठाऊक आहे, कारण त्या शर्टांचं काम आमच्याच कारखान्यात आलं आहे. बसलिंगप्पा अण्णांकडे शाळांचे गणवेश शिवतात, आणि मी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर शाळांची नावं काढतो. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन सोडता आलं नाही. एक वेलांटी चुकली तर सगळं नाव उसवावं लागतं. सध्या शाळांच्या जागी गेलेल्या माणसांची नावं काढतो आहे. कुणाची आई, कुणाचा भाऊ. ही तर चुकवून चालतच नाही.

मी पण पळणार आहे, तेच नाव लावून. दहा किलोमीटर, तुझ्याएवढंच. अण्णांना सांगितलं तर ते शिवणाऱ्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू? जिना चढलास की तुझ्या छातीत बाजा वाजतोय. गप मशीनवर बस की." सगळ्या हसल्या. कमलम्मा तर सुई तोंडात धरून हसली.

मला दमा आहे हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तू शरच्चंद्र सरांचा मुलगा. अब्बा रिक्षातून शाळेची पोरं न्यायचे, त्यांतला एक. एक दिवस तुला उशीर झाला आणि तू रिक्षामागे पळत आलास, थेट सात रस्ता चौकापर्यंत. अब्बांनी आरशात पाहिलं. त्या दिवसापासून ते तुझे झाले. पहाटे विजापूर रोडवर तू पुढे पळायचास आणि अब्बा रिक्षाचा दिवा तुझ्या पाठीवर टाकून मागे चालवायचे. एकदा हॉर्न म्हणजे जोरात, दोनदा म्हणजे सावकाश. मी हट्ट करून यायचो. मागच्या सीटवर, कानाला मफलर गुंडाळून. माझ्यासमोर अब्बांची पाठ आणि तिच्यापुढे तुझी पाठ. "मी उतरू का, थोडं पळू का" असं विचारलं की ते म्हणायचे, "नक्को बेटा, धाप लागंल." मागे वळून न बघताच म्हणायचे. बघायचे ते तुझ्याकडे.

म्हणून माझी एवढीच मागणी आहे. तू दुसरं नाव लाव. तुझ्या घरात गेलेली माणसं आहेत. आजोबा आहेत, प्रभा आत्या आहेत. माझ्याकडे एकच आहे.

उत्तर अम्मीला नको, मला पाठव.

गुफरान


कुंभारी
२४ डिसेंबर

देवदत्त यास,

तुझा मेसेज मिळाला. "दोघं मिळून पळू, चाचांना आवडेल." एवढ्या मोठ्या पत्राला एवढं उत्तर. चाचांना काय आवडेल हे तू मला सांगतोस.

ठीक आहे. दुसरं नाव लावणार नाहीस, हे कळलं.

अम्मीचा निरोप आहे तो आधी लिहितो. आजीनं गुलबर्ग्याच्या दर्ग्यात नवस बोलला, तेव्हा अब्बा झाले. म्हणून त्यांचं नाव बंदेनवाज. ते नुसतं माणसाचं नाव नाही, पीराचं आहे. अम्मी म्हणते, "पळताना काय बी होऊ दे, पण नाव जमिनीला लागू द्यायचं न्हाई. देवाला सांग. आनि तू बी ध्यानात ठेव." तुझं नाव तिनं आधी घेतलं. मी मुद्दाम तिच्या क्रमानं लिहिलं आहे.

मी रोज कामावर जाण्याआधी पळतो. घरापासून विडी कामगारांच्या वसाहतीला वळसा घालून. पळतो, चालतो, पंप ओढतो, पुन्हा पळतो. वसाहतीतल्या बायका अम्मीला विचारतात, "बिबीजान, पोरामागं कुत्रं लागलं होतं काय गं?" अम्मी मला म्हणते, तू राहू दे, देवा पळतोय की. ती हे मायेनं म्हणते. मला ते ऐकू येऊ नये म्हणून मी लवकर निघतो.

अब्बांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा तू पुण्यात होतास. मशीनला जोडलं की ते तासन्‌तास पडून असायचे आणि मी उशाशी बसायचो. गप्पा काहीच नाहीत. पाणी मोजून द्यायचं, पाय चेपायचे. मधेच डोळे उघडायचे आणि विचारायचे, "देवाचा फोन आला होता का?" मी म्हणायचो, नाही. कधीकधी आलेला असायचा.

असो. शर्ट तयार आहेत. तुझा शर्ट मी स्वतः केला. हिरव्या दोऱ्यानं 'बंदेनवाज नदाफ', खाली बारीक चंद्र. नावाची पट्टी वेगळी काढायची आणि मग शर्टाच्या पाठीवर शिवायची, असं काम आहे. बाकीच्या पट्ट्या कमलम्मा शिवते. तुझी मी तिला दिली नाही, घरी आणून हातानं शिवली. अण्णांनी विचारलं, "हे एक घरी कशाला रे?" मी म्हणालो, घरचं नाव आहे, घरी शिवतो. त्यांना ते फार पटलं. पाठीवर थाप मारली.

पट्टी सरळ बसली आहे. दिसायला छान दिसते. दौडीच्या आदल्या दिवशी मैदानावर शर्ट मिळेल. आधी घालून बघू नकोस, इस्त्री मोडेल.

गुफरान


कुंभारी
६ जानेवारी २०२५

देवदत्त यास,

काल जे झालं ते तू अम्मीला तुझ्या रीतीनं सांगितलंस आणि निघून गेलास. तू पुढे होतास, मी मागे. मागून जे दिसलं ते लिहितो.

सुटताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "सावकाश सुरू कर." त्यानंतर मला पुन्हा तुझी पाठच दिसली. या वेळी तिच्यावर अब्बांचं नाव होतं.

विजापूर रोडवर अब्बांच्या रिक्षा स्टॉपवरची सगळी मंडळी रांगेत उभी होती. नईमचाचांच्या हातात पाण्याची कळशी. तू थोडाच पुढे होतास म्हणून मला सगळं ऐकू आलं. नईमचाचा ओरडले, "आला रे आला! बंदेनवाजभाईचा पोरगा आला! पळ बेटा!" सगळ्यांनी रिक्षांचे हॉर्न वाजवले. एकदाच. म्हणजे जोरात.

मग मी पोचलो. नईमचाचांनी मला पाळण्यात असल्यापासून पाहिलं आहे. ते म्हणाले, "अरे गुफरान, तू बी? हळू रे बाबा, पंप हाय का खिशात?" मग त्यांना आपण आधी काय ओरडलो ते आठवलं असावं, कारण त्यांनी जीभ चावली आणि माझ्या डोक्यावर निम्मी कळशी ओतली. हॉर्न कुणी वाजवला नाही.

तू दिसेनासा झालास. कंबर तलाव मागे पडल्यावर माझा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मी चालू लागलो, आणि तेव्हा ती दिसली. रस्त्याच्या मधोमध पट्टी पडली होती, नाव वर. माझ्यापुढे तिघं पळत होते. पहिले दोघं तिच्यावरून गेले. तिसऱ्याचा बूट बरोबर तिच्यावर पडला.

मी उचलली. डोळ्यांना लावली. हिरव्या दोऱ्यावर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटली होती.

तेवढ्यात तू उलटा पळत येताना दिसलास. लोक ओरडत होते, "ओ साहेब, तिकडनं कुठं? परतीची बाजू इकडं हाय!" तुला भान नव्हतं. मी तुला असं कधी पाहिलं नव्हतं. तू म्हणालास, "गुफरान, पाठीवर नाव नाही रे. वळणावरच्या मुलीनं विचारलं, तुमचं माणूस कुठाय? पडलं कुठंतरी." मी मूठ उघडून दाखवली. तू हात पुढे केलास. मी मूठ मिटली.

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बरं. तूच ने. माझ्याच्यानं सांभाळलं गेलं नाही."

आणि तू माझ्याबरोबर चालू लागलास. मी "जा" म्हणालो, तरी गेला नाहीस. वळणाला शिवून परत येईपर्यंत माझ्या छातीच्या शिट्टीवर पावलं टाकत राहिलास. मी विचारलं, "अब्बा दवाखान्यात होते तेव्हा का आला नाहीस?" हे मला किती महिने विचारायचं होतं. तू म्हणालास, "येणार होतो. चाचाच नको म्हणाले. म्हणाले, सुया बघायला गुफरान आहे. तू पळ."

रात्रभर त्या वाक्याचा विचार केला. मला सुया बघायला ठेवलं आणि तुला पळायला. यात मी आनंद मानायचा की काय, ते मला कळत नाही.

मैदानात रेषेच्या आधी तू थांबलास आणि हातानं मला पुढे जा म्हणालास. मी गेलो. माईकवर आलं, "कैलासवासी," मग तो गृहस्थ अडखळला आणि म्हणाला, "मरहूम बंदेनवाज नदाफ. घेऊन आले आहेत त्यांचे चिरंजीव, गुफरान." सगळे उभे राहिले. अम्मी पहिल्या रांगेत होती. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

त्यानंतरचं तू केलंस. मी काही बोलायच्या आत तू अम्मीपुढे गेलास आणि म्हणालास, "चाची, माझ्याकडून चाचांचं नाव रस्त्यावर पडलं. माफ करा." ती काय म्हणाली ते शब्दशः लिहितो, कारण तू मान खाली घातली होतीस. "एवढंसं कापड सांभाळवलं न्हाई तुला? गुलबर्ग्याचं नाव हाय ते. तुला पळण्याचीच घाई. आमचं नाव रस्त्यावर टाकून पळतोस व्हय?" मग तिनं खिरीचा डबा उघडला. दोन चमचे आणले होते. तुला विचारलं नाही.

ती चुकली असं मी म्हणणार नाही. नावाची इतकी काळजी होती तर तुला पट्टी एकदा ओढून बघता आली असती. घामानं कापड भिजलं की दोरा सैल होतो. असं होतं कधीकधी.

गुफरान


कुंभारी
११ जानेवारी

प्रिय देवदत्त,

दोरा घामानं सैल होत नाही. मी तसं लिहिलं ते खोटं आहे.

तुझ्या पट्टीला मी कच्चा टाका घातला होता. शिंपी माप बघण्यापुरतं कापड जोडतो तसा, लांब लांब, गाठ न मारता. थोडं पळालं, खांदे हलले की तो सुटणार हे मला माहीत होतं. तुझ्या पाठीवर नाव नसेल तर रेषेवर ते पुकारणार नाहीत, आणि मी कितीही मागून आलो तरी ते माझ्याबरोबर येईल, एवढाच माझा विचार होता. सुटलेली पट्टी खाली पडणार, हा विचार मी केला नाही असं लिहिणार होतो. केला होता. वाटलं, रस्त्याच्या कडेला कुठेतरी पडेल, कुणाला दिसणार नाही. बूट मी हिशोबात धरला नव्हता.

तू अम्मीपुढे स्वतःवर घेतलंस तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण तिनं तुला सुनावलं आणि मला खीर दिली. मी ती खाल्ली. डबा पुसून खाल्ली. असा डबा मी आयुष्यभर मागत होतो.

त्यानंतर चार-पाच दिवस अम्मी माझी होती. नळावर, दुकानात, सगळीकडे. "माझ्या पोरानं नाव उचललं. तो मास्तरचा पोरगा टाकून पळाला, माझ्या पोरानं उचललं." तुझा फोन वाजला की ती बघायची आणि वाजू द्यायची. आता गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहिलेत. दर वर्षी ती तुझ्यासाठी तिथलं काहीतरी घेऊन ठेवते. या वर्षी म्हणाली, "तुलाच घेऊ काय तरी." मी पंचवीस वर्षांचा आहे. मी हो म्हणालो. मग घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

काल सकाळी ती ती पट्टी धुवायला बसली. मोठ्या परातीत, गुलाबपाणी घालून. बुटाचा डाग अंगठ्यानं चोळत होती, धागा उसवू नये म्हणून हळूहळू. धुतलेलं पाणी तिनं मोरीत ओतलं नाही. गटारात जाऊ नये म्हणून परात उचलून अंगणातल्या डाळिंबाच्या मुळाशी ओतलं. तिची कंबर दुखते. दुसरं पाणी घेतलं, तेही तिकडे नेलं. तिसऱ्या वेळी ती परात उचलायला वाकली आणि मी सांगून टाकलं.

ती तशीच वाकलेली राहिली. मग पाणी ओतून आली, पट्टी पिळली नाही, नुसती दोरीवर टाकली आणि माझ्यासमोर बसली.

"कायकू रे?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "अब्बा त्याचेच होते. तू पण त्याचीच."

"हौ, होते त्याचे. तुझे न्हवते काय?"

"मला पळू दिलं नाही कधी."

"तू झोपलास की रातभर तुझ्या छातीला कान लावून बसायचा तो माणूस. पळू द्यायचा व्हय तुला?" मग ओरडली, "आनि मी त्या पोराला भर मैदानात बोलले! खीर बी दिली न्हाई! तुझ्यामुळं!" मला तिनं मारलं. लहानपणी मारायची तसं, पाठीत. मला लागलं नाही, आणि लागायला हवं होतं.

अब्बा छातीला कान लावून बसायचे, हे मला माहीत नव्हतं. मी झोपलेला असायचो. तुला म्हणून सांगतो, हे कळल्यावरही माझा तुझ्याबद्दलचा हेवा गेला नाही. त्यांनी माझा श्वास ऐकला, पण बघितलं तुला. हेवा असा समजावून जात नाही. तो घरात आहे, एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

मी म्हणालो, फोन लावतो, तुझ्यासमोर त्याला सांगतो. ती म्हणाली, "फोनवर तू ततपप करतोस. तुझी ती पत्रं हायत न्हवं? लिही. आनि मी सांगते ते बी खाली लिही." म्हणून ती आता माझ्यासमोर बसली आहे, पाय पसरून, आणि सांगते आहे. तिचे शब्द तिच्यासारखेच लिहितो. नीट करत नाही.

"देवा, तुझी चाची बोलते. तुला लई बोलले त्या दिवशी. तुझ्या डोळ्यांत पानी होतं, ते मी बघितलं, तरी बोलले. मनात ठेवू नको. रमजानच्या आधी एकदा ये. आला न्हाईस तर मी पुन्याला येईन, तुझ्या हापिसाच्या दारात खिरीचा डबा घेऊन बसंन. मग तुझा साहेब विचारंल, ही म्हातारी कोन? तेव्हा काय सांगशील ते ठरवून ठेव.

"गुफरानला मारू नको. मी मारलंय. त्याच्या छातीत दम न्हाई, आनि डोक्यात लई हाय."

मी विचारलं, हे पण लिहायचं? "लिही म्हटलं की!"

"तुझ्या आईला सलाम सांग. थंडीत पळताना कानाला बांध. आनि एक. त्यांना आता चाचा म्हनू नको."

इथे ती थांबली. मी पेन उचलून वाट पाहिली. मग तिनं पुढचं सांगितलं आणि उठून चहा ठेवायला गेली. आता आतून भांड्यांचा आवाज येतो आहे.

तिला वाचता येत नाही. मी इथे काय लिहिलं आणि काय नाही, हे तिला कधीच कळणार नाही, आणि तूही तिला विचारणार नाहीस. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. चहा येईपर्यंत तर नक्की.

तिनं सांगितलं ते असं: त्यांना अब्बा म्हण.

गुफरान